बिनगाठीचा जोड

मित्रांनो, मी सुई आहे आणि जुनीही आहे, पण शिवणाच्या डबीत मला शोधू नका. मी तिथे मावणार नाही. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माझी लांबी भरते, आणि जाडी घोड्याच्या शेपटीच्या केसापेक्षा थोडीच जास्त. पुढे एक अरुंद फास, मागे बाभळीच्या लाकडाची बोटभर मूठ. मला टाका घालता येत नाही. बटण लावता येत नाही. एका दोरीच्या पोटात दुसरी दोरी नेऊन ठेवणे, हे एकच काम मला येते.

"एवढंच?" असे अनेकांनी मला पाहून विचारले. हो, एवढेच. त्याची लाज मी कधी बाळगली नाही.

मी जन्माने सुई नव्हते. रोज सकाळी कुपवाडच्या रस्त्याने मोटारसायकलींची रांग कारखान्यांकडे निघते, त्यात धनाजीची एक जुनी मोटारसायकल असायची. तिच्या क्लचच्या वायरीत आम्ही एकोणीस तारा पिळून बसवलेल्या होतो. चार वर्षे धनाजीने आम्हाला रोज शेकडो वेळा दाबले. एकेक बहीण तुटत गेली आणि एक दिवस कारखान्याच्या फाटकासमोरच वायर गेली. मेस्त्रीने ती काढून तेलकट मातीत फेकली.

"आवं, ती द्या की इकडं," मागे उभी असलेली धनाजीची बायको अंजना म्हणाली.

"कशाला? पुजायला?" मेस्त्री हसला.

"तुमाला काय करायचंय? टाकलीय न्हवं तुमी?"

अंजना नाड्या विणण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या यंत्रावर सोळा रिळे एकमेकींना ओलांडत गोल फिरतात आणि मधून विणलेली नाडी वर निघते. परकराच्या नाड्या, बुटाच्या नाड्या, आणि अलीकडे कोकणातल्या मागणीमुळे मासे धरायच्या गळाच्या दोऱ्याही. त्यातल्या काही दोऱ्या गच्च विणलेल्या, म्हणजे भरीव. काही आतून नळीसारख्या, म्हणजे पोकळ. विणताना सूत तुटले की अख्खे रीळ बाद व्हायचे, कारण गळाच्या दोरीत गाठ चालत नाही. गाठ गळाच्या काठीवरच्या कड्यांत अडकते. शिवाय दोरी तुटते ती बहुतेक वेळा गाठीपाशीच.

अंजनाला ते बाद रीळ पाहवत नसे. तिने मला वायरीतून सोडवून राखेने घासले, मधोमध दुमडून पीळ दिला, टोकाला फास ठेवला आणि मूठ बसवली. परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात ना, अगदी तसे तिने मला पोकळ दोरीत घातले, दुसऱ्या दोरीचे टोक फासात धरले आणि मागे ओढून घेतले. गंमत अशी की आतली दोरी बाहेर ओढायला गेले की बाहेरची तिला आवळते. जितके ओढाल तितकी पकड घट्ट.

त्या कारखान्याचे सुपरवायझर लालासाहेब. त्यांनी ते रीळ नखाखालून तीनदा फिरवले.

"अंजनाबाई, तुटली होती ना ही? मग गाठ कुठाय?"

"गाठ न्हाईच मारली."

"मग जोड तरी कुठाय?"

"हुडका की. सायेब तुमी हाय."

लालासाहेबांना जोड सापडला नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावून मला वर धरून दाखवले. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. पुढे नवी यंत्रे आली, सूत तुटायच्या आतच थांबणारी. माझे काम संपले. मी गुंडाळी होऊन बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गेले. सोबतीला मोडका कंगवा, दोन बटणे आणि एक बंद पडलेले घड्याळ होते. घड्याळाने केव्हाच हार मानली होती. मी मानली नाही. दर पावसाळ्यात गंज माझ्या अंगाशी यायचा आणि अंगावरच्या तेलाला चाटून परत जायचा. तीन वर्षे अशी गेली.

यंदाच्या चैत्रात अंजना माण तालुक्यातल्या आपल्या माहेरी निघाली. तिचे वडील हरिबा बहात्तर वर्षांचे, पिढीजात मेंढपाळ. रात्री मेंढरे कोंडायची त्यांची जाळी, म्हणजे वाघर, फाटली होती. ती सांधायला अंजनाने बाद पोकळ दोरीचे एक रीळ घेतले आणि डबा उघडून मलाही पिशवीत टाकले.

त्यांच्या वस्तीजवळ वाघजाईचा तलाव आहे. तलाव म्हणायचा तो नावाला. नऊ वर्षे त्यात थेंब नव्हता. तळात वेड्या बाभळी माजल्या होत्या आणि मधोमध एक टेकाड होते. हरिबा उन्हाळाभर त्या टेकाडावरच मेंढरे बसवायचे, कारण तिथे वारा लागतो आणि बाभळीच्या शेंगा जवळ पडतात. यंदा दूरच्या नदीचे पाणी उपसून कालव्याने तलावात सोडणार, असा निरोप सगळ्यांच्या फोनवर आला होता. हरिबांकडे फोन नव्हता, आणि तोंडी सांगणाऱ्यालाही त्यांनी वाटेला लावले होते.

"पाऊस न्हाई, ढग न्हाई, आन् तळ्यात पानी येनार? मला खुळा समजतोस व्हय रं?"

मित्रांनो, त्यांना हसू नका. ज्याने आयुष्यभर पाण्यामागे मेंढरे नेली, त्याने पाणी आपल्यामागे येईल हे मानायचे तरी कसे?

अंजनाने येताच वाघर सांधून दिली आणि त्याच रात्री हरिबा ती घेऊन मेंढरांसह टेकाडावर गेले. पहाटे पाणी आले. दिवस उगवला तेव्हा गावातली माणसे नारळ आणि हळदकुंकू घेऊन पाण्याची पूजा करायला बांधावर आली आणि बघतच राहिली. टेकाडाच्या चारी बाजूंनी पाणी होते. टेकाडावर हरिबा होते आणि एकेचाळीस मेंढरे. हरिबांनी पाण्याच्या कडेला काठी रोवली होती. तासाभरात ती वीतभर बुडाली.

पोहून जायचे म्हटले, तर त्या मुलखात पोहणारा कोण? पोहायला शिकायला पाणी कधी होते? अंजनाच्या थोरल्या बहिणीचा नवरा नानासो फौजेतून हवालदार होऊन आलेला, तो एकटा पोहणारा. त्याने उडी मारली. तीस हातांवर बुडालेल्या बाभळीच्या काट्यांनी त्याची मांडी फाडली आणि तो लंगडत परत आला. तालुक्याहून बोट निघणार होती, पण ती पोचेपर्यंत संध्याकाळ. टेकाड तर दुपारपर्यंतही टिकणार नव्हते.

पोरांनी प्लॅस्टिकची पिंपे बांधून, वर दार टाकून तराफा तयार केला. पण तराफा न्यायचा कसा? बाभळींमधून सरळ जाणारी एक मोकळी वाट होती, जुन्या गाडीवाटेची. तिच्यावरून तराफा ओढायला टेकाडापर्यंत दोर पोचायला हवा होता. एकाने गोफणीत दोरा बांधून धोंडा मारला. धोंडा टेकाडावर पडला, दोरा तुटून इथेच राहिला.

"मारू नगा रं धोंडं!" हरिबा तिकडून ओरडले. "बुडायच्या आदी मीच मरंन!"

तेव्हा नानासोला आपली गळाची काठी आठवली. समुद्राकाठच्या पलटणीत असताना घेतलेली ती लांब काठी माळ्यावरून आली. तिच्या दोरी गुंडाळायच्या चक्रावर भरीव दोरी शिल्लक होती, पन्नास पावले. अंजनाच्या रिळावर वाघर सांधून उरलेली पोकळ दोरी होती, सत्तर पावले. टेकाड होते शंभर पावलांवर. नानासोने दोन्हींची गच्च गाठ मारली, भरीव दोरी वर ठेवून सगळी चक्रावर गुंडाळली, टोकाला ट्रॅक्टरचा नट बांधला आणि काठी फिरवून फेकला. नट सुसाट गेला. पन्नास पावलांवर गाठ काठीच्या कडीत अडकली, खट्ट आवाज झाला आणि नट पाण्यात पडला. मागे ओढताना तो बाभळीत अडकला. दोरी तुटली, पाच पावले गेली.

दुसऱ्यांदा बारीक गाठ मारली. पुन्हा खट्ट. आणखी पाच पावले गेली.

"आता एकशेधाच उरली," नानासो घाम पुसत म्हणाला. "अजून एक चूक झाली तर काय खरं न्हाई."

अंजना पुढे झाली. तिच्या हातात मी होते.

"दाजी, गाठच नगं. सरका बाजूला."

"आगं, ही काय परकराची नाडी हाय का?"

"परकराचीच समजा. आजपातूर सुटलाय का कुनाचा?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मग पुन्हा टेकाडाकडे वळल्या.

नानासोने खिशातून लायटर काढला आणि भरीव दोरीच्या टोकाशी नेला. आपल्याकडे नायलॉनच्या कासऱ्याचे टोक उसवू नये म्हणून सगळेच ते जाळून त्याची गोळी करतात. अंजनाने त्याच्या हातावर चापटी मारली.

"टोक जाळू नगा! गोळी झाली की ती आत कशी जायाची? आन् गेली तर आतनं कापंल."

तिने ते टोक तिरपे कापले, थोडे धागे मोकळे करून उपटले आणि मेंढीच्या शेपटासारखे निमुळते केले. मग पोकळ दोरीच्या टोकापासून दोन हात मागे तिने मला दोरीच्या विणीतून आत शिरवले आणि तोंडाकडे ढकलत नेले.

आत काय असते ते सांगते. आत अंधार असतो आणि चारी बाजूंनी वीण असते. घाई केली की फास एखाद्या धाग्यात रुततो आणि सगळी दोरी वाया जाते. अंजना पोकळ दोरीच्या चुण्या माझ्यावर चढवत गेली आणि मी एकेक बोट पुढे सरकले. हरिबांची मेंढरे ओरडत होती, ते मला दोरीच्या आतूनही ऐकू येत होते.   पण अंजनाने मला एकदाही हिसका दिला नाही.

मी तोंडातून बाहेर आले. तिने भरीव दोरीचे निमुळते टोक माझ्या फासात घातले आणि मला मागे ओढले. मी दात आवळून ते टोक दोन हात आत आणले.

"आगं, दोन हात?" सरपंच हंबीरराव ओरडले. "दोरी आधीच कमी, त्यात हिनं दोन हात गिळली! वीतभर घाल की!"

"वीतभर घातली तर वीतभरच धरंल," अंजना मान वर न करता म्हणाली. "आबा माजं हाईत, सरपंच."

तिने चुण्या मोडून दोरी सारखी केली, बोटांनी दाबत पुढे नेली. टोक आतल्या आत राहिले. तिने मला बाहेर काढले. मग सुताचा बारीक दोरा घेऊन पोकळ दोरीच्या तोंडावर वेढे घालायला लागली.

"आता हे काय आनिक?" नानासो कळवळला. "आबांची काठी बग की! निम्मी बुडाली!"

"वढ असला की जोड घट्ट ऱ्हातो, दाजी. ढिल पडली की हळूहळू निसटतो. ह्ये तोंड बांधल्याबिगर मी दोरी सोडायची न्हाई. रागवा न्हाईतर मारा."

नानासोने मारले नाही. तो खाली बसला आणि त्याने दोरी ताणून धरली. अंजनाने वेढे घातले, दातांनी दोरा तोडला आणि मला ओठांत धरून उभी राहिली. तिथून मी पुढचे सगळे पाहिले.

नानासोने काठी मागे नेली. नट सुटला. भरीव दोरी सळसळत निघाली. वीस पावले, तीस, चाळीस. आता जोड.  जोड पहिल्या कडीतून गेला, दुसऱ्या कडीतून गेला, सगळ्या कड्यांतून गेला, आणि खट्ट आवाज आलाच नाही. नट टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर पडला आणि हरिबांनी त्यावर पाय दिला.

"धरला रं! आता वढू?"

"हळू वढा, आबा! हिसका देऊ नगा!" नानासो ओरडला.

दोरीच्या मागच्या टोकाला एकाला एक बांधलेले कासरे जोडले होते. हरिबा ओढत होते आणि कासरे पाण्यात सरकत होते. वीसेक पावले गेले असतील. तेवढ्यात एक कोकरू घसरून पाण्यात पडले आणि हरिबा दोरी टाकून त्याच्यामागे धावले. दोरी ढिली पडली. लाटा तिला वरखाली हलवायला लागल्या. अंजनाच्या ओठांची पकड माझ्यावर घट्ट झाली. जोड पाण्यात होता. कासऱ्यांचे ओझे एका बाजूला, पाण्याचे हेलकावे दुसऱ्या बाजूला. मी तिथे नव्हते, पण मी केलेले काम तिथे होते. सुट म्हणणाऱ्या पाण्याला ते दाद देत नव्हते.

हरिबांनी कोकरू काखेत घेतले आणि दोरी पुन्हा उचलली. दोरी ताणली गेली. जोड आवळला. कासरा टेकाडाला लागला.

हरिबांनी तो वाघरीच्या लोखंडी मेखेला बांधला आणि वर दोन पाय रोवून उभे राहिले. मग तराफ्याच्या खेपा सुरू झाल्या. एका खेपेला चार मेंढरे, कधी पाच.

"आबा, आदी तुमी या!" अंजना मला हातात घेऊन ओरडली.

"मी कशाला? माजी काय लोकर भिजायची हाय?"

"आबा, पानी गुडघ्याला लागलं!"

"लागू दे! ह्येंच्यासंगं आलोय, ह्येंच्यामागनंच येनार! मेंढरं टाकून आलेला हरिबा तुला चालंल, मला न्हाई चालायचा!"

बाप तसा आणि लेक तशी. मला कोणी घडवले ते मला त्या दिवशी नीट कळले.

शेवटच्या खेपेला पाणी कमरेला लागले होते. हरिबा म्होरक्या एडक्याला मिठी मारून तराफ्यावर बसून आले. काठाला लागताच त्यांनी आधी मेंढरे मोजली. एकेचाळीस भरली. मग ते अंजनाकडे वळले आणि खोकल्याचे निमित्त करून बाजूला झाले.

संध्याकाळी तालुक्याहून बोट आली. बोटीतल्या माणसांनी चहा घेतला. सरपंच हंबीररावांनी ठरवले की गळाची काठी आणि मी, दोघींना ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात ठेवायचे. खाली नावाची पट्टी लावायची. काठी तयार झाली. ती आता तिथेच आहे, तिच्यावर हारही आहे.

मला मागायला ते हरिबांच्या वस्तीवर आले तेव्हा अंजना म्हणाली, "न्हाई द्यायची."

"आगं, मान हाय ह्यो!"

"सरपंच, पानी आता दरसाल येनार. दुसरी टेकाडं हाईत, दुसऱ्यांची मेंढरं हाईत. तवा काय कपाट फोडनार हाय का तुमी? मला चार दिवसांनी कुपवाडला जायचंय. मी गेल्यावर ह्यो जोड कुनाला येतोय, सांगा."

 कोपऱ्यात बसलेल्या हरिबांनी हात पुढे केला.

"दे इकडं. मला शिकव."

चार दिवस ते लेकीसमोर मांडी घालून बसले. बहात्तर वर्षांची जाड बोटे, भेगाळलेली, थोडी थरथरणारी. त्यांनी मला विणीत रुतवले, वाकवले, स्वतःच्या अंगठ्यात खुपसले. मला अशा शिव्या दिल्या की इथे सांगता येणार नाहीत. मीही त्यांना सोडले नाही. चुकले की अडकायचे, घाई केली की रुतायचे. तिसऱ्या दिवशी माझा फास मोडता मोडता राहिला. चौथ्या दिवशी टोक आत गेले आणि आतच राहिले. हरिबांनी दोन्ही बाजूंनी जोर लावून ओढून पाहिले, मग ढिले सोडून हलवून पाहिले.

"न्हाई निसटत," ते म्हणाले.

अंजना कुपवाडला परत गेली. मी इथेच राहिले, हरिबांच्या पागोट्याच्या घडीत. शेजारच्या वस्त्यांवरचे मेंढपाळ आणि त्यांच्या बायका आता त्यांच्याकडे जोड शिकायला येतात, आणि ते त्यांना अंजनाने शिकवले तसेच शिकवतात, फक्त शिव्या जास्त घालतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू गोष्ट सांगून झाली की तुमच्यापुढे हात जोडतात. आम्हाला जपा, आम्हाला पुसून नीट ठेवा, असे म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. मला जपून ठेवू नका. तीन वर्षे जपून ठेवलेली मी पाहिली आहे, तिच्यापेक्षा वाकलेली मी बरी. तुमच्या घरातही असे काही असेल, ज्याचे काम तुमच्या आईला किंवा आजोबांना येते आणि तुम्हाला येत नाही. ते काढा, त्यांच्यासमोर बसा आणि शिका. बोटाला टोचेल. शिव्या बसतील. बसू द्या.

माझा फास दोनदा वाकला आहे आणि मूठ उकलली आहे. त्याने काही अडत नाही. चला, दोरी द्या.